रोजची दहा पानं

“किल्लेदारानं गडाच्या चाव्या मुलाकडे न देता सुनेकडे का दिल्या?”

यशोधन माझ्या टेबलासमोर उभा होता. हात मागे, पाय जुळलेले. उत्तर देताना असंच उभं राहायचं, हे मीच त्याला शिकवलं होतं.

“मुलगा मोहिमेवर गेला होता म्हणून,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “पण तो घरी असता ना बाबा, तरी त्याला दिल्या नसत्या. त्याला कुणी गोड बोललं की तो काहीपण देऊन टाकायचा. सून तशी नव्हती.”

मी पुस्तकात पाहिलं. लेखकानं हीच गोष्ट सांगायला अडीच पानं खर्च केली होती.

“बरोबर. पण उत्तर नीट सांगावं. ‘पुत्राच्या ठायी विवेकाचा अभाव असल्याने.’ म्हण.”

“पुत्राच्या ठायी विवेकाचा अभाव असल्याने.”

“जा आता.”

तो स्वयंपाकघरात पळाला. आतून त्याच्या आईचं हसू ऐकू आलं. मी वहीत त्या दिवसाच्या तारखेपुढं बरोबरची खूण केली.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. यशोधन अकरा वर्षांचा होता, सहावीत. मी तालुक्याच्या गावी कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि मुलांना अभिजात साहित्याची गोडी कशी लावावी, या विषयावर भाषणं देत होतो. माझा एक उपक्रम होता. पंचवीस जुन्या, थोर पुस्तकांची यादी. रोज दहा पानं वाचायची, प्रत्येक प्रकरणावर मी काढलेले प्रश्न सोडवायचे. प्रश्नांचे कागद सायक्लोस्टाइल करून मी चार शाळांत वाटलेही होते. यादीतलं पहिलं पुस्तक म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची, सहाशे पानांची एक ऐतिहासिक कादंबरी. तिचं नाव सांगत नाही. जे झालं त्यात त्या पुस्तकाचा काही दोष नव्हता.

माझे वडील हातमागावर लुगडी विणायचे. घरात छापील कागद म्हणजे कॅलेंडर. त्या घरातून मला पुस्तकांनीच बाहेर काढलं. एम. ए.ला पुण्याला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी मला वर्गात एक उतारा वाचायला लावला. त्यात ‘पाणी’ हा शब्द होता. मी ‘पानी’ म्हणालो. सगळा वर्ग हसला. खवचट हसू नव्हतं ते, पण पुढची दोन वर्षं मी खोलीचं दार लावून मोठ्यानं वाचत बसायचो. जीभ घासून काढली म्हणा ना.

लग्न मात्र आमच्यातच झालं. बायकोचं माहेरचं नाव तानू. सातवी पास. मी तिचं नाव मृणालिनी ठेवलं. तिला ते उच्चारता यायचं नाही. शेजारच्या पाटणेबाईंनी पहिल्यांदा नाव विचारलं तेव्हा ती म्हणाली, “ह्यांनी काहीतरी लांबडं ठेवलंय. तुमी तानूच म्हना.”

मुलाचं नाव मी यशोधन ठेवलं. ती त्याला येशा म्हणायची.

यशोधनला भुतांच्या आणि गुप्तहेरांच्या गोष्टींची पातळ पुस्तकं आवडायची. पलंगाखाली गठ्ठा होता. उपक्रम सुरू केला त्या दिवशी मी तो सगळा गठ्ठा भेळवाल्याला देऊन टाकला. तो रडला नाही. पण नंतर एकदा आम्ही भेळ आणली, तर भेळ खायची सोडून पुडीचा कागद सरळ करून तो कितीतरी वेळ वाचत बसला.

पहिले दोन महिने वाईट गेले. तो टेबलासमोर उभा राहायचा आणि गप्प बसायचा. मी पुन्हा वाचायला पाठवायचो. तो पुस्तक मांडीवर घेऊन बसायचा, पान उलटायचा नाही. एकदा मला म्हणाला, “बाबा, ह्यातली माणसं बोलतच नाहीत. नुसतं भाषण करतात.” मी त्याला त्या दिवशी वीस पानं दिली.

दिवाळीनंतर चमत्कार झाल्यासारखं झालं. तो उत्तरं देऊ लागला. नुसती उत्तरं नाहीत, न विचारलेलंही सांगायला लागला. किल्लेदाराची सून पद्मसेना त्याला आवडायची. तिची सासू रागीट आहे पण वाईट नाही, असं तो म्हणायचा. मला वाटलं, माझी पद्धत यशस्वी झाली. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी प्रत्येकाला सांगत सुटलो. चिकाटी हवी, मुलं अखेर वाचतातच, असं म्हणालो.

त्याच सुमारास एकदा जेवताना बायकोनं वाढता वाढता विचारलं होतं, “अहो, तटबंदी म्हंजे भिंतच ना?”

“तुला काय करायचंय?” मी म्हणालो.

“काय न्हाई. सहज.”

मी पुढं विचारलं नाही.

डिसेंबरात वाचनालयाचे चिटणीस आप्पा कोरे घरी आले. वाचनालयाला साठ वर्षं होत होती. समारंभाला पुण्याहून नलिनीताई वैशंपायन येणार होत्या, मोठ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शिक्षण खात्यातले एक अधिकारीही येणार होते. जिल्ह्यातल्या शाळांसाठी वाचनाची एखादी योजना निवडायचं काम त्या दोघांकडे होतं.

“सर, तुमचा उपक्रम त्यांच्यापुढं मांडा,” आप्पा म्हणाले. “आणि नुसतं भाषण नको. तुमचा मुलगा वाचतोय म्हणता ना ती कादंबरी? त्याला स्टेजवर एक प्रकरण सांगू द्या. अकरा वर्षांचं पोरगं असलं पुस्तक सांगतंय म्हटल्यावर काम झालंच.”

मला हे पटलं. मी एक प्रकरण निवडलं. किल्ल्याला वेढा पडलेला असतो. शत्रू पद्मसेनेच्या वडिलांना पकडून किल्ल्याच्या दाराशी आणतो आणि मुलीला दार उघडायला सांग म्हणतो. ती तटावरून वडिलांना उत्तर देते. कादंबरीत ते भाषण चार पानांचं आहे. “हे तात, कर्तव्याचा पाश रक्ताच्या पाशाहून कठोर असतो” असं सुरू होतं. मी ते वर्गात दरवर्षी पाठ म्हणून दाखवायचो. यशोधनसाठी मी त्याचा सारांश दीड पानात लिहून काढला आणि पाठ करायला दिला.

पाठ होत नव्हतं. दुसऱ्या परिच्छेदात तो हमखास अडकायचा. समारंभाच्या आदल्या दिवशी मी चिडलो.

“सबंध प्रकरणावर प्रश्न विचारले तर सगळं येतं. आणि दीड पान पाठ होत नाही?”

बायको दारात उभी होती. हात पिठानं भरलेले.

“त्याला त्याच्या मनानं सांगू द्या की,” ती म्हणाली. “त्याला येती ती गोष्ट. चांगली सांगतो तो.”

“मनानं म्हणजे?” मी विचारलं.

यशोधननं तिच्याकडं पाहिलं. तिनं मान हलवली, अगदी जराशी. नको, अशी. मग ती आत गेली.

समारंभ रविवारी संध्याकाळी पाचला होता. वाचनालयाची वरची खोली माणसांनी भरून गेली होती. डाव्या बाजूला बायका, उजव्या बाजूला पुरुष. पुढच्या रांगेत आमच्या कॉलेजचे लोक. माझी बायको तिसऱ्या रांगेत पाटणेबाईंच्या शेजारी बसली होती. तिनं जांभळी साडी नेसली होती, भावाच्या लग्नातली. असल्या कार्यक्रमाला ती पहिल्यांदाच आली होती. एरवी मी तिला बोलवायचो नाही आणि ती विचारायची नाही. या वेळी मुलगा बोलणार म्हणून आली.

माझं भाषण झालं. अधिकारी साहेबांनी यादी आणि प्रश्नांचे कागद चाळले, मान डोलावली. मग यशोधनला बोलावलं. आप्पांनी माइक खाली केला.

“वाङ्मयाच्या इतिहासात मानाचे स्थान असलेल्या या कादंबरीत,” त्यानं सुरुवात केली. पहिला परिच्छेद नीट झाला. दुसऱ्याचं पहिलं वाक्य झालं. आणि तो थांबला.

मी पुढच्या खुर्चीवरून ओठ हलवून शब्द सांगत होतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग पाहिलं नाही. खोलीत कुणी तरी खोकलं. नलिनीताई हसून म्हणाल्या, “विसरलास? असू दे. तुला आठवतंय तसं सांग बाळ.”

त्यानं एक श्वास घेतला. हात मागे बांधलेले होते ते सोडले.

“एक किल्ला होता,” तो म्हणाला. “लई उंच. चढायला लागलं की जीव गळ्यापाशी यायचा. त्या किल्लेदाराच्या सुनेचं नाव पद्मसेना. पण घरात तिला पदू म्हणायचे. एवढं लांबडं नाव कोण घेणार!”

लोक हसले. मी खुर्चीत पुढं सरकलो.

“किल्ल्याला वेढा पडला. चार महिने झाले. कणगीत धान्य राहिलं नाही. मग सासू म्हणायची, पदू, मला आज भूक न्हाई गं, तू खा. पदू म्हणायची, आत्याबाई, मलाबी न्हाई, मगाशीच खाल्लं. दोघी खोटं बोलायच्या. आणि भाकरी आपली मधी तशीच.”

हसू थांबलं होतं. हे मला आज कळतंय. त्या वेळी मला फक्त ‘मलाबी’ ऐकू येत होतं.

“मग एक दिवस खाली दारापाशी तिचा बाप आला. शत्रूनं त्याला धरून आणलं होतं. म्हणाले, लेकीला सांग दार उघड, नाहीतर तुझं काही खरं नाही. त्याच्या पायात वहाण नव्हती. ऊन तर असं, की दगडाला हात लागत नव्हता. पदूनं वरून बघितलं. तिनं लगेच ओळखलं त्याला. चालण्यावरून. ती म्हणाली, बाबा, आलासा? लई दिसांनी आलासा. पर बाबा, दार उघडाया येत न्हाई. दार माझं असतं तर उघडलं असतं. ते मामंजींनी राखाया दिलंय. तुमी असं करा, तिथं आंब्याखाली सावलीला बसा जरा. मी वरनं दोरानं पानी सोडते. पानी प्या, आन मग...”

माझ्या शेजारी इंग्रजीचे प्राध्यापक देवधर बसले होते. ते पुढं झुकून ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. ते हसू मी वीस वर्षं ओळखत होतो. निदान मला तसं वाटलं. मी उठलो आणि स्टेजवर गेलो.

“थांब,” मी म्हणालो. माइक चालूच होता. “हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे?”

यशोधननं मान खाली घातली.

“आंब्याचं झाड आहे का पुस्तकात?”

“नाही.”

“मग हे कुठून आणलंस?”

त्यानं बायकांच्या बाजूला पाहिलं. “आई म्हणाली, एवढ्या उन्हात बाप आलाय, तर त्याला कुठंतरी बसव की.”

सगळी खोली हसली. आज आठवलं की मला त्या हसण्यात प्रेम ऐकू येतं. तिसऱ्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई डोळे पुसत होत्या, तेही आज आठवतं. त्या क्षणी मला फक्त पुण्याचा तो वर्ग दिसला.

“आई?” मी म्हणालो. “आईचा काय संबंध?”

“आई वाचते ना. दुपारी, तुम्ही कॉलेजात गेल्यावर. आणि भाकरी करताना मला सांगते. सगळ्यांचे आवाज काढते.”

मी माइक हातात घेतला. जे बोललो ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

“श्रोतेहो, क्षमा असावी. अडाणी माणसाच्या हाती अभिजात वाङ्मय पडलं की त्याचं काय होतं, याचं उदाहरण आत्ता आपण पाहिलंत. हे माझ्याच घरात घडावं, याचं मला फार दुःख आहे. मूळ प्रसंग काय आहे, तो आता ऐका.”

आणि मी “हे तात” म्हणून सुरू केलं. चारही पानं म्हणालो. एक शब्द चुकला नाही. शेवटी टाळ्या पडल्या.

यशोधन माझ्या आधीच खाली उतरला होता. त्याची आई आपल्या जागेवर बसून होती, नजर मांडीतल्या हातांकडं. तो तिच्या रांगेजवळून गेला तेव्हा तिनं हात पुढं केला. त्यानं तो धरला नाही. तो सरळ मागच्या भिंतीपाशी जाऊन एकटा उभा राहिला. मी स्टेजवरून हे पाहिलं, आणि मला बरं वाटलं. वाटलं, त्याला कळलं.

नंतर चहाच्या वेळी नलिनीताईंनी मला बाजूला घेतलं.

“सर, तुम्ही त्याला थांबवायला नको होतं.”

“पण ताई, भाषा ऐकलीत ना? मूळ कृतीचा पार...”

“मी ती कादंबरी तीनदा शिकवलीय,” त्या म्हणाल्या. “बाप उन्हात उभा आहे, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. पुढं काय होणार, हे मला ठाऊक असूनही मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तुमच्या मिसेस कुठायत? मला भेटायचंय त्यांना.”

मी पाहिलं. जांभळी साडी कुठं दिसत नव्हती. पाटणेबाई म्हणाल्या, “गेली ती. यशोधनला घेऊन.” माझ्याकडं न बघता म्हणाल्या.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ती स्वयंपाकाला लागली होती. साडी बदललेली. यशोधन बाहेरच्या खोलीत भूगोलाचं पुस्तक उघडून बसला होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

“किती दिवस चाललं होतं हे?”

“दिवाळीपासनं.” ती पाठमोरीच होती. “पोरगं रोज रडवेलं होऊन बसायचं पुस्तक घेऊन. म्हटलं बघावं तरी काय हाय एवढं त्यात. मला पयले काय सुदरलं न्हाई. बोट ठेवून ठेवून वाचलं. चार-चारदा वाचलं की कळायचं.”

“आणि मग तू तुझ्या मनाचं घालायला लागलीस.”

“मी मुद्दाम न्हाई घातलं. सांगताना आपसूक यायचं.” भाकरी उलटायची राहिली होती, तिचा वास सुटला. तिनं ती काढून बाजूला ठेवली. “मी चुकले. मला वाटलं, गोष्ट हाय.”

“ते वाङ्मय आहे.”

“व्हय,” ती म्हणाली. “आता कळलं.”

“यापुढं त्याच्या वाचनात तू पडायचं नाही.”

“बरं.”

भांडण झालं असतं तर बरं होतं, असं पुढं मला पुष्कळदा वाटलं. तिनं कधी त्या संध्याकाळचा विषय काढला नाही. टोमणा मारला नाही, माहेरी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून यशोधन पुन्हा टेबलासमोर उभा राहू लागला. आता त्याची उत्तरं अगदी माझ्या शब्दांत असायची. “पुत्राच्या ठायी.” “कर्तव्याचा पाश.” सासू रागीट आहे पण वाईट नाही, असलं काही तो बोलेनासा झाला. मी वहीत खुणा करत गेलो.

माझी योजना जिल्ह्यानं स्वीकारली. नलिनीताईंनी विरोध केला होता म्हणे, पण अधिकारी साहेबांना प्रश्नांचे कागद आवडले होते. किती मुलांनी किती पानं वाचली, हे मोजता येत होतं. सहा वर्षं ती दीडशे शाळांत चालली. माझा सत्कार झाला, शाल मिळाली. त्या सहा वर्षांत एकाही मुलानं मला रस्त्यात थांबवून एखाद्या पुस्तकाबद्दल विचारलं नाही. प्रश्नांची उत्तरं कुठं छापून मिळतील का, असं मात्र दोघांनी विचारलं.

यशोधननं पंचवीसही पुस्तकं संपवली. दहावीला मराठीत तो केंद्रात पहिला आला. मग त्यानं सायन्स घेतलं, इंजिनिअर झाला, नाशिकला गेला. त्याच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीनं पुस्तकांचं कपाट शोधलं. नव्हतं. टीव्हीखाली एक टेलिफोन डिरेक्टरी होती.

आणि त्याची आई. ती शुद्ध बोलायला लागली. कधी सुरू झालं, ते मला नेमकं सांगता येत नाही, पण त्या हिवाळ्यातच. ‘आहे’, ‘नाही’, ‘पाणी’. प्रत्येक शब्दाआधी जरा थांबायची, अनोळखी घराच्या पायऱ्या उतरताना माणूस थांबतं तसं. साहजिकच कमी बोलायला लागली. मी खूश झालो होतो. एकदा तिला शाबासकीसुद्धा दिली. स्वयंपाकघरातून हसू ऐकू येत नाही, हे माझ्या लक्षात यायला दोन-तीन वर्षं लागली. तोवर त्याची सवय झाली होती.

ती गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. काविळीचं निमित्त झालं, पंधरा दिवसांत सगळं संपलं. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात मी तिच्याजवळ बसायचो. एकदा म्हणालो, “काही वाचून दाखवू का?”

“नको,” ती म्हणाली. “तुम्ही दमाल.”

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. दुपारी मी आणि यशोधन मागच्या ओट्यावर बसलो होतो. समोर दोरीवर धुतलेल्या सतरंज्या वाळत होत्या. तो एकेचाळीस वर्षांचा झाला होता, केस मागं हटलेले. आम्ही दोघंच असे बसलोय, असं किती वर्षांत झालं नव्हतं. मी त्याला विचारलं. इतकी वर्षं मनात होतं ते.

“तुला आठवतं का रे, वाचनालयाच्या समारंभात...”

“हो.”

“मी तुला थांबवलं.”

“हो बाबा.”

 मग मीच पुढं म्हणालो, “तू ती कादंबरी वाचलीच नव्हतीस ना तेव्हा? नुसती आईकडून ऐकली होतीस.”

त्यानं माझ्याकडं वळून पाहिलं. राग नव्हता. खरंच आश्चर्य होतं.

“सुरुवातीला ती सांगायची. पण ती दिवसाला एवढंसंच वाचू शकायची ना, बोट ठेवून. मला दम निघेना. मग मीच पुढं वाचायला लागलो. शाळेतून आलो की घेऊन बसायचो. आणि मग मी तिला वाचून दाखवायचो. ती भाकऱ्या करत ऐकायची आणि मधेच म्हणायची, थांब, ही बाई असं नाही बोलणार, ती असं बोलंल. मग तसं बोलून दाखवायची. समारंभाच्या आधीच आमची कादंबरी संपली होती, बाबा. तुम्ही तेव्हा अर्ध्यावर होता.”

“मग मला का सांगितलं नाहीस?”

“आईनं सांगितलं होतं, सांगू नको म्हणून. म्हणाली, बाबांनी किती मेहनत घेतलीय. त्यांच्यामुळं तू वाचायला लागलास असंच त्यांना वाटू दे. बरं वाटंल त्यांना.”

एक कावळा कुंपणावर येऊन बसला आणि उडाला.  मी म्हणालो, “मग नंतर? तुम्ही दोघांनी पुन्हा कधी...”

“नाही. मी तर दोन-तीन वर्षं तिच्याशी धड बोलतही नव्हतो. मित्रांसमोर ती बोलायला लागली की मी तिथून उठून जायचो. मग एकदा मीच विचारलं होतं. दहावीची परीक्षा झाली होती. तुम्ही पेपर तपासायला आठ दिवस बाहेरगावी गेला होता. मी लायब्ररीतून एक पुस्तक आणलं आणि तिला म्हटलं, आई, चल, वाचू या. बाबा नाहीत.”

“मग?”

“नको म्हणाली. मी म्हटलं, अगं, कुणी नाहीये घरात. आपण दोघंच. तर म्हणाली, ‘कुणी नसलं तरी मला लाज वाटते.’ असं शुद्ध म्हणाली.”

तो उठला. सतरंज्या वाळल्या होत्या. दोन टोकं धरायला माणूस लागतं म्हणून मी पुढं झालो, पण तोवर त्यानं एकट्यानंच त्या ओढून घड्या घालायला सुरुवात केली होती.